हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाचा हिशेब

ट्रेनिंगहून परत आलेली मुलं वर्गात शिरली की लगेच ओळखू येतात. चालण्यात घाई, मनगटावर ओव्हनच्या ट्रेचे चटके, आणि दर दोन वाक्यांनंतर 'आमच्या हॉटेलात असं करत नाहीत' हे पालुपद. पहिल्या वर्षी कांदा एकसारखा चिरताना ज्यांना घाम फुटायचा, त्यांनी आता पाचशे माणसांचं लग्न पार पाडलेलं असतं. साहजिकच कॉलेजचं प्रॅक्टिकल पोरखेळ वाटायला लागतं. हजेरी घसरते, शनिवार-रविवार ओडीसीला, म्हणजे बाहेरच्या केटरिंगला, कॅज्युअल म्हणून जाऊन हातखर्च सुटतो, आणि शेवटचं वर्ष म्हणजे नोकरी लागेपर्यंत काढायचे दिवस असा समज होतो.

तुमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा बी.एस्सी. असो की चार वर्षांचा बीएचएमसीटी, हा समज महागात पडतो. ट्रेनिंगमध्ये हात तयार होतो, पाय टिकायला शिकतात, रागावलेल्या शेफसमोर गप्प कसं बसायचं हेही कळतं. पण हॉटेल पैसा कुठे कमावतं आणि कुठे गमावतं, हे ट्रेनीला कुणी दाखवत नाही. दाखवायला वेळही नसतो. सोळा खोल्या आवरून झाल्या की सतरावी समोर असते. हॉटेलातला माणूस पुढे सुपरवायझर होतो की दहा वर्षं त्याच जागी राहतो, हे बरंचसं या हिशेबावर ठरतं, आणि तो शांतपणे शिकायची सवड शेवटच्या वर्षाइतकी पुन्हा मिळत नाही.

एक उदाहरण सविस्तर करून बघू. समजा, तुम्ही मेन्यूत सुरमई फ्रायची थाळी ठेवली. बाजारात सुरमई ७०० रुपये किलो मिळाली आणि पाच किलोचा एक मासा ३,५०० रुपयांना आणला. डोकं, शेपूट, आतडी, खवले जाऊन हातात आल्या साडेतीन किलो तुकड्या. म्हणजे वापरायच्या माशाचा भाव ७०० नव्हे, १,००० रुपये किलो झाला. थाळीत १५० ग्रॅमची तुकडी असेल, तर १५० रुपयांचा मासा. मसाला, रवा, तेल, भात, चपाती, सोलकढी मिळून आणखी ५० धरले, तर ताट तुम्हाला २०० रुपयांना पडलं. फूड कॉस्ट ३२ टक्क्यांवर ठेवायची असेल, तर कर सोडून ६२५ रुपये लावावे लागतील. जो बाजारभावच धरून बसला, त्याचा मासा १०५ रुपयांचा, ताट १५५ रुपयांचं आणि दर येतो साधारण ४८५. दर ताटामागे १४० रुपयांचा फरक, आणि जेवायला गर्दी जितकी जास्त तितका तोटा मोठा. गल्ला रोज भरतोय पण महिनाअखेर हातात काही उरत नाही, ही तक्रार करणाऱ्या कित्येक चांगल्या खानावळींचं दुखणं इथेच असतं.

ही बेरीज-वजाबाकी चौथीतल्या मुलालाही जमेल. अडचण वजन करण्याची आहे. स्वयंपाकघरात पन्नास गोष्टी चालू असताना साफ केलेला मासा काट्यावर ठेवायची शिस्त कुणालाच नको असते. म्हणून कॉलेजच्या प्रत्येक प्रॅक्टिकलला इंडेंट लिहिताना शेजारी दोन रकाने वाढवा: आणलेलं वजन आणि वापरलेलं वजन. कोंबडी, फ्लॉवर, कोलंबी, पालक, अननस असं जे हाताखालून जाईल ते मोजा. वर्षभरात स्वतःच्या आकड्यांची एक वही तयार होईल. मुलाखतीत 'कोलंबीत किती टक्के जातं?' या प्रश्नाला पुस्तकातला आकडा सांगणारे पुष्कळ असतात. स्वतः मोजलेला आकडा, कोलंबी कोणत्या आकाराची होती यासकट सांगणारा क्वचित भेटतो. अनेक संस्थांत शेवटच्या परीक्षेला बास्केट देतात. त्यातल्या जिनसांवरून मेन्यू बांधायचा, इंडेंट काढायचा, वेळेचं नियोजन लिहायचं आणि मग शिजवायचं. तिथेही गुण जातात ते पदार्थ बिघडल्यामुळे कमी आणि इंडेंट चुकल्यामुळे जास्त, असं माझं निरीक्षण आहे.

खोल्यांचा हिशेब याहून सोपा, तरी फसवा. शंभर खोल्यांची दोन हॉटेलं घ्या. एकाने ९० खोल्या चार हजारांनी विकल्या, दुसऱ्याने ६५ खोल्या सहा हजारांनी. पहिल्याचे ३ लाख ६० हजार झाले, दुसऱ्याचे ३ लाख ९० हजार. उपलब्ध खोलीमागे उत्पन्न, ज्याला धंद्यात रेव्हपार म्हणतात, पहिल्याचं ३,६०० आणि दुसऱ्याचं ३,९००. शिवाय दुसऱ्याला पंचवीस खोल्या कमी आवराव्या लागल्या. एक रूम अटेंडंट शिफ्टमध्ये साधारण चौदा ते सोळा खोल्या करतो हे तुम्हाला ट्रेनिंगमधून ठाऊक आहेच, म्हणजे जवळपास दोन माणसांचं काम वाचलं. मात्र भरलेल्या ९० खोल्यांतली माणसं नाश्त्याला, बारमध्ये, स्पामध्ये खर्च करतात. तो पैसा रेव्हपारमध्ये दिसत नाही. म्हणून 'दोघांत कोणतं हॉटेल चांगलं चाललंय?' या प्रश्नाला तयार उत्तर नसतं, आणि मुलाखत घेणाऱ्याला उत्तरापेक्षा तुम्ही उलटे कोणते प्रश्न विचारता हे ऐकायचं असतं.

बातम्याही याच डोळ्यांनी वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाहुण्याला आनंद झाला. पण त्याबरोबर हॉटेलचं इनपुट क्रेडिट गेलं. बाहेर दिलेली धुलाई, दुरुस्ती, बुकिंग संकेतस्थळांचं कमिशन यांवर भरलेला कर आता वळता करून घेता येत नाही, तो खर्चात जातो. महाबळेश्वरच्या चाळीस खोल्यांच्या हॉटेलला यातून फायदा झाला की तोटा, हे मांडून बघा. चांगली संध्याकाळ जाईल.

आता विभाग निवडण्याबद्दल. फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, फूड प्रॉडक्शन आणि एफ अँड बी सर्व्हिस या चार विभागांपैकी एक निवडायचा असतो, आणि मुलं तो भलत्याच कारणांनी निवडतात. टीव्हीवर शेफ पाहून किचन, गणवेश छान म्हणून फ्रंट ऑफिस. आपल्याकडे आणखी एक कारण असतं, ते घरातून येतं. 'एवढी फी भरून वेटर होणार का?' हा प्रश्न सांगली-सोलापूरच्याच नव्हे, ठाणे-डोंबिवलीच्या घरांतही विचारला जातो. त्यामुळे सर्व्हिसमध्ये ज्याचा हात उत्तम चालतो तो मुलगा किचनमध्ये जातो आणि दोन वर्षांत कंटाळतो. पालक हा लेख वाचत असतील तर त्यांना सांगायचं एवढंच, की हॉटेलात पाहुण्याशी बोलून त्याचा राग उतरवणारा आणि त्याच वेळी बिल वाढवणारा माणूस फार मोलाचा असतो. वरच्या पदांवर गेलेल्या पुष्कळांची सुरुवात ट्रे उचलण्यापासूनच झालेली आहे. हाउसकीपिंगला तर कुणी वालीच नसतो. मुलाखतीत या विभागाचं नाव स्वतःहून घेणारे थोडे, त्यामुळे स्पर्धा कमी. शिवाय रुग्णालयं, मोठ्या कंपन्यांच्या इमारती, विमानतळ इथेही हे कौशल्य चालतं. रात्रपाळीचं ओझंही तुलनेने हलकं.

निवड करताना स्वतःला एकच गोष्ट विचारा: ट्रेनिंगच्या सगळ्यात वाईट आठवड्यात, माणसं कमी आणि हॉटेल भरलेलं असताना, तुम्ही कोणत्या विभागात होता आणि तरीही दुसऱ्या दिवशी कामावर जावंसं वाटलं का? चांगल्या दिवसांवरून विभाग ठरवू नये. लॉगबुक काढून तो आठवडा वाचा. लॉगबुक शेवटच्या रात्री मित्राचं बघून भरलं असेल, तर निदान आता आठवून चार पानं खरी लिहा. मुलाखतीत तीच उपयोगी पडतात.

प्रोजेक्टचा विषय हा माझ्या चिडीचा विषय आहे. मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांतील ग्राहक समाधानाचा अभ्यास, अशा मथळ्याचे प्रबंध प्रत्येक कॉलेजच्या कपाटात धूळ खात पडलेले आहेत. गुगल फॉर्म काढायचा, तो वर्गमित्रांनाच पाठवायचा, पाय चार्ट रंगवायचे आणि बहुसंख्य ग्राहक समाधानी आहेत असं लिहून बाइंडिंगला द्यायचं. त्या फॉर्मला उत्तर देणाऱ्या किती जणांनी पंचतारांकित हॉटेलात स्वतःच्या पैशाने रात्र काढली होती, हे कुणी विचारत नाही.

त्यापेक्षा लहान, मोजता येणारा आणि घराजवळचा विषय घ्या. कॉलेजच्या मेसमध्ये किंवा ओळखीच्या खानावळीत दोन आठवडे रोज वाया गेलेलं अन्न तोला. चिरताना गेलेलं, साठवणीत खराब झालेलं आणि ताटात उरलेलं, अशा तीन वेगळ्या बादल्या ठेवा. ताटात सर्वांत जास्त भात उरतो असं दिसलं, तर तिसऱ्या आठवड्यात वाटीचा आकार बदलून पुन्हा तोला. झाला प्रोजेक्ट, आणि मालकालाही त्याचा उपयोग. शिर्डीत गुरुवारचा आणि शनिवार-रविवारचा खोलीभाव कसा हलतो, नाशिकच्या वाइनरीत येणारा पाहुणा तिथे राहतो की संध्याकाळी मुंबईला परततो, आणि परतत असेल तर का, हेही विषय हाताशी आहेत. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तिथल्या होमस्टेमध्ये पावसाळ्याचे चार महिने घरातली बाई काय करते, उत्पन्न कुठून येतं, यावर नीट काम करणाऱ्या विद्यार्थ्याची मला खरोखर वाट आहे. गाइडला विषय आवडला नाही तर भांडू नका. पद्धत लिहून दाखवा, किती दिवस काय मोजणार ते सांगा. बहुतेक गाइड पद्धत पाहून नरमतात.

कॅम्पसच्या मुलाखती अनेक संस्थांत वर्षाच्या पहिल्या सहामाहीतच सुरू होतात, तेव्हा 'परीक्षा झाल्यावर बघू' हे चालत नाही. ढोबळमानाने तीन दारं असतात. पहिलं मॅनेजमेंट ट्रेनीचं. ओबेरॉयची ओसीएलडी ही शाळा १९६६ पासून चालू आहे, ताज आणि आयटीसी यांचे स्वतःचे कार्यक्रम आहेत, मॅरियटचा व्हॉयेज नावाचा आहे. जागा मोजक्या, चाळणी कडक: लेखी परीक्षा, गटचर्चा, मग एकामागून एक मुलाखती, आणि किचनसाठी ट्रेड टेस्ट. दुसरं ऑपरेशनल ट्रेनीचं, सुपरवायझरच्या पायरीकडे नेणारं. तिसरं थेट असोसिएट किंवा कोमी म्हणून. पहिलं दार बंद झालं की मुलं खचतात. त्याची गरज नाही. चांगल्या हॉटेलात कोमी म्हणून लागलेला, हिशेब कळणारा मुलगा काही वर्षांनी ट्रेनी म्हणून लागलेल्याच्या शेजारी उभा असलेला मी पाहिला आहे. उलट, नावाला मॅनेजमेंट ट्रेनी आणि कामाला स्वस्तातला कर्मचारी, अशा जागाही बाजारात आहेत. ट्रेनिंगनंतर कोणतं पद मिळतं, मागच्या तुकडीतले किती जण अजून आहेत, हे विचारायला लाजू नका. सिनियरला फोन केला की दहा मिनिटांत कळतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना गटचर्चेची धास्ती असते. हॉटेलचं इंग्रजी मर्यादित असतं, हे त्यांनी ध्यानात घ्यावं. स्वागत, तक्रार, दिलगिरी, पर्याय सुचवणं, पदार्थाचं वर्णन यात सगळं येतं. दहा पदार्थ निवडा आणि प्रत्येकाचं वर्णन तीन वाक्यांत मोठ्याने बोलून रेकॉर्ड करा. त्यात थालीपीठ आणि पुरणपोळीही घ्या. घरच्या पदार्थाचं इंग्रजीत वर्णन करता येणं सर्वांत अवघड असतं, आणि परदेशी पाहुणा तेच विचारतो. जिथे ओपेरा किंवा आयडीएससारखी प्रणाली कॉलेजात उपलब्ध आहे, तिथे चेक-इनपासून नाइट ऑडिटपर्यंतचा क्रम एकदा स्वतः करून बघा.

परदेशाच्या वाटेवर तारखांचा हिशेब महत्त्वाचा. अमेरिकेच्या जे-१ व्हिसात इंटर्न या प्रकारासाठी तुम्ही विद्यार्थी असायला हवं किंवा पदवी मिळून बारा महिन्यांच्या आतलं. मुदत जास्तीत जास्त बारा महिने. ही खिडकी चुकली तर ट्रेनी या प्रकारात जावं लागतं, आणि त्याला पदवीनंतर निदान एक वर्षाचा अनुभव लागतो. म्हणजे हा निर्णय शेवटच्या वर्षातच घ्यायचा आहे. त्याचबरोबर हेही नीट समजून घ्या, की हा प्रशिक्षणाचा व्हिसा आहे. वर्ष संपलं की परत यायचं असतं, आणि एजंटची व प्रायोजक संस्थेची फी, विमान, विमा, पहिल्या महिन्याचं घरभाडं हे सगळं आधी खिशातून जातं. कर्ज काढणार असाल तर परतफेड रुपयांत मांडून वडिलांसमोर ठेवा.

क्रूझचं आकर्षण कोकण-गोव्यात जुनं आहे. गावात प्रत्येक आळीत कुणीतरी बोटीवर असतोच. त्यासाठी एसटीसीडब्ल्यूचे सुरक्षा प्रशिक्षणाचे कोर्स, वैद्यकीय तपासणी आणि सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, लागते, करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: खलाशांची भरती करणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना असायला हवा, आणि नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेण्याची तिला मुभा नाही. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. आखाती देशांसाठी एजंट ई-मायग्रेटवर नोंदलेला हवा, आणि त्याच्या सेवाशुल्काला तीस हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. यापुढे कुणी 'फाइल चार्ज' मागत असेल तर पावती मागा. बहुतेकदा तिथेच संभाषण संपतं.

मुलींसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी, थोडं वेगळं. रात्रपाळी टाळून या धंद्यात वर जाणं कठीण आहे, पण ती करण्याच्या अटी विचारता येतात. महाराष्ट्रातल्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि संरक्षणाची व्यवस्था लागते. तेव्हा मुलाखतीत सरळ विचारा: गाडी दारापर्यंत सोडते की नाक्यापर्यंत, सोबत कोण असतं, स्टाफ क्वार्टर्स कुठे आहेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे, तिच्या सदस्यांची नावं लावलेली असायला हवीत. हे प्रश्न विचारल्यामुळे नोकरी जात असेल, तर ती गेलेली बरी.

ऑफर लेटर हाती आलं की उत्साहाच्या भरात सही करू नका. सीटीसीचा आकडा बाराने भागून तेवढे पैसे हातात पडतील असं समजणारी मुलं दरवर्षी पहिल्या पगाराला गप्प होतात. त्या आकड्यात मालकाचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, कधी कधी स्टाफ कॅफेटेरियाचं जेवणही धरलेलं असतं. तुमच्या मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफला जातात, आणि पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयची छोटी कपातही होते. टिप आणि सर्व्हिस चार्जवर घरभाड्याचं गणित बसवू नका. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बाँड असेल तर किती महिन्यांचा, सोडल्यास रक्कम किती, आणि मूळ प्रमाणपत्रं हॉटेल स्वतःकडे ठेवून घेणार का, हे तीन मुद्दे ओळखीच्या वकिलाला किंवा निदान एखाद्या जाणत्या शिक्षकाला दाखवा. मूळ प्रमाणपत्रं देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

गौरी-गणपतीला घरी जाता येणार नाही, हे मात्र कोणत्याच ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं नसतं. घरच्यांना ते आत्ताच सांगा. दिवाळी, नाताळ, ३१ डिसेंबर, मे महिना, म्हणजे घर जेव्हा भरलेलं असतं तेव्हा हॉटेलही भरलेलं असतं. सुट्टी मिळते ती मंगळवारी, कुणीच मोकळं नसताना. ज्यांना हे सहन होणार नाही त्यांनी विमान कंपन्यांची किचन्स, कंपन्यांची कॅन्टीन, अन्नसुरक्षेचं ऑडिट, अध्यापन अशा वाटा आधीपासून शोधाव्यात. त्यात कमीपणा काही नाही.

आणि एटीकेटी. ऑफर लेटर बहुतेक वेळा सर्व विषय सुटण्याच्या अटीवर असतं. दुसऱ्या वर्षाच्या अकाउंट्समध्ये अडकलेला एक पेपर हातातली नोकरी घालवू शकतो. आज कॉलेजच्या कार्यालयात जाऊन आपली गुणपत्रिका तपासा, राहिलेल्या विषयाचा अर्ज कधी भरायचा ते लिहून घ्या, आणि जाताच आहात तर ट्रान्सक्रिप्टला किती दिवस लागतात तेही विचारून या. परदेशाच्या अर्जाला ती लागतेच, आणि विद्यापीठाची खिडकी तुमच्या व्हिसाच्या तारखा बघून उघडत नाही.